इथिओपियाचं ताट, आपली नाचणी आणि तुमची शुगर

मार्च संपत आला की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न सुरू होतो. "डॉक्टर, पुढच्या महिन्यात मुलाकडे अमेरिकेला चाललोय, सहा महिने. गोळ्या किती घेऊ बरोबर? आणि तिकडे खायचं काय?" उलव्याच्या नव्या सोसायट्यांमध्ये असे आईवडील भरपूर आहेत. मुलगा किंवा मुलगी बाहेर, इकडे दोघंच, आणि दोघांपैकी एकाला तरी शुगर.

गोळ्यांचं उत्तर सोपं आहे. पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या, वर महिनाभराच्या जास्तीच्या, सोबत माझ्या लेटरहेडवर औषधाच्या मूळ नावानिशी चिठ्ठी. इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सामानात टाकायचं नाही, कारण विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. खाण्याचं उत्तर मात्र हल्ली मी असं देतो की समोरचे दोघं एकमेकांकडे बघतात. मी सांगतो, "मुलाच्या घराजवळ एखादा इथिओपियन किंवा एरिट्रियन कॅफे आहे का, ते बघा. तिथे जा आणि उपासाचं ताट मागा."

आमच्या पिढीला इथिओपिया म्हटलं की १९८४-८५ च्या दुष्काळाचे फोटो आठवतात. त्या देशाकडून जेवणाबद्दल काही शिकायचं, ही कल्पनाच पटत नाही. म्हणून आज जरा सविस्तर सांगतो. यात मधुमेह आहे, रक्तातलं लोह आहे, आपली नाचणी आहे, आणि एक प्रसंग असाही आहे, जो गोळी घेणाऱ्या प्रत्येकानं वाचावा.

माझी मुलगी सिल्व्हर स्प्रिंगला राहते. अमेरिकेच्या राजधानीला, वॉशिंग्टनला, अगदी लागून असलेलं गाव. या सगळ्या परिसरात इथिओपियाची आणि एरिट्रियाची माणसं फार मोठ्या संख्येनं आहेत. १९७४ साली तिकडे राज्यक्रांती झाली, सम्राट हैले सेलासी गेले, लष्कराची राजवट आली आणि माणसं देश सोडून बाहेर पडू लागली. त्यातली कितीतरी इथे स्थिरावली. त्यामुळे आपल्याकडे नाक्यावर उडप्याचं हॉटेल असावं, तसे तिथे त्यांचे कॅफे आहेत. मुलीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर असाच एक. आठ टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात टीव्ही, काउंटरवर सामोशांसारखे दिसणारे सामोसेच (त्यांचं नाव सांबुसा, आत मसूर). मालकीण एरिट्रियाच्या अस्मारा शहराची, तिचा नवरा इथिओपियाचा. या दोन देशांत १९९८ ते २००० असं मोठं युद्ध झालं. हे दोघं एकाच भट्टीवर स्वयंपाक करतात आणि पाटीवर दोन्ही देशांची नावं लिहितात.

ही मंडळी स्वतःला हबेशा म्हणवतात. आपला 'हबशी' हा शब्द तोच. आपण तो हेटाळणीनं वापरत आलो, ते बरोबर नाही. निजामशाही सावरून धरणारा मलिक अंबर इथिओपियातलाच होता, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातलं जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत सिद्दींकडे होतं. म्हणजे या माणसांशी आपली ओळख जुनी आहे. ताटाची ओळख तेवढी राहून गेली.

सप्टेंबरातला बुधवार होता. आम्ही दोघं, मुलगी, जावई, आणि जावयाचे आईवडील असे सहा जण गेलो. आमचे व्याही मूळचे साताऱ्याकडचे, वय बहात्तर, निवृत्त शिक्षक. विहीणबाईंना एकादशी होती. त्यांनी पर्समधून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा आणला होता आणि तो उघडू की नको, या विचारात होत्या. मालकिणीनं ते बघितलं आणि मुलीला विचारलं, "यांचा उपास आहे का? आज आमचाही आहे."

तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतो. ईस्टरच्या आधी पंचावन्न दिवसांचा मोठा उपास, आणि अधूनमधून आणखी काही. सगळे मिळून वर्षातले निम्म्याच्या आसपास दिवस भरतात. उपासाला मांस, अंडी, दूध, लोणी, तूप काहीही चालत नाही. डाळी, भाज्या, धान्य चालतं. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या उपासाला डाळ चालत नाही." ती म्हणाली, "आमच्या उपासाला दूध चालत नाही." दोघींनी एकमेकींकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं.

त्या उपासाच्या ताटाला बेयायनेतू म्हणतात. ते येतं तेव्हा पहिल्यांदा बघणारा गोंधळतोच. मोठ्या परातीत एक जाळीदार, राखाडी-तपकिरी, मऊ पोळी अंथरलेली असते. ती इंजेरा. तिच्यावरच भाज्यांचे आणि आमट्यांचे ढीग मांडलेले. व्याही म्हणाले, "डॉक्टरसाहेब, यांनी ताटात गोधडीच घातली की!" मग एकेक पदार्थ चाखत गेले आणि गप्प झाले, कारण जवळजवळ सगळं ओळखीचं होतं. शिरो म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं, लसूण-कांदा आणि लाल मसाल्यातलं पिठलं. दुसरं नावच देता येणार नाही. मिसिर वट म्हणजे मसुरीची झणझणीत आमटी. किक अलिचा म्हणजे हळद घातलेलं, बिनतिखटाचं पिवळं वरण. गोमेन म्हणजे हिरव्या पालेभाजीची लसूण-मिरचीतली भाजी. आणि कोबी, गाजर, बटाटा असं एकत्र. त्यांचा तिखट मसाला बर्बेरे. त्यात लाल मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, त्यांच्याकडची मोठी वेलची. आमच्या विहीणबाईंनी नुसत्या वासावरून मेथी ओळखली.

आता त्या ताटाकडे डॉक्टरच्या नजरेनं बघा. मधुमेहाच्या पेशंटला आम्ही सांगतो की ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग डाळ-उसळ किंवा मासे-अंडी, आणि पाव भाग भाकरी-भात. हे तुम्हाला पाठ आहे आणि तुम्ही ते करत नाही, हेही मला माहीत आहे. आपल्या ताटात भाताचा डोंगर असतो, वरण त्याला भिजवण्यापुरतं आणि भाजी तोंडी लावायला. 'तोंडी लावणं' हा शब्दच बघा. त्या परातीत उलटं होतं. डाळींचे तीन प्रकार, भाज्यांचे दोन-तीन, आणि धान्य फक्त घास उचलायच्या कामाला. इंजेरा हाच चमचा.

आणि हे त्यांच्या उपासाच्या दिवसाचं ताट. आपल्या उपासाला काय असतं? साबुदाणा, बटाटा, वरई, वर शेंगदाणे आणि तूप. साबुदाणा म्हणजे कंदातून काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात फायबर नाही, प्रथिनं नाहीत. शेंगदाण्याच्या कुटामुळे थोडी लाज राखली जाते, एवढंच. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शुगर तपासायला येणारे माझे पेशंट आहेत. आकडा बघून ते म्हणतात, "काल तर माझा उपास होता!" मी कुणाच्या श्रद्धेत पडत नाही. पण उपास करायचाच असेल आणि शुगर असेल, तर राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याची किंवा काकडीची भाजी, दही, मूठभर शेंगदाणे असं करा. साबुदाणा वाटीभरच. विहीणबाईंनी त्या दिवशी डबा अर्धाच खाल्ला आणि उरलेला मालकिणीला चाखायला दिला. तिला तो आवडला. उपासाला हे खाता, मग सणाला काय खाता, असं तिनं विचारलं.

आता तो प्रसंग. हे सगळं ताट समोर येण्याच्या आधीची गोष्ट आहे. कॅफेत गर्दी होती, टेबल मिळायला अर्धा तास लागला आणि ताट यायला आणखी तेवढाच वेळ. आमच्या व्याह्यांना पंधरा वर्षांची शुगर. सकाळी मेटफॉर्मिन, संध्याकाळी जेवणाआधी ग्लिमेपिराइड. शिस्तीचा माणूस. घरातून निघताना साडेसहाला गोळी घेतली, 'आता जेवायलाच चाललोय' म्हणून. दुपारी मात्र खाणं थोडंच झालं होतं आणि नातवाबरोबर बागेत बरंच चालणं झालं होतं. पावणेआठच्या सुमाराला ते बोलायचे थांबले. माझी बायको म्हणाली, "अहो, यांना घाम का येतोय? एसी लागलाय की." कपाळ ओलं, हात थंड, बोटांना कंप. काय होतंय विचारलं तर "काही नाही, काही नाही" एवढंच. आवाजात चिडचिड, जी त्यांच्या स्वभावात नाही. ग्लुकोमीटर माझ्या पिशवीत असतोच. आकडा आला ५८.

७० च्या खाली शुगर गेली की तिला आम्ही हायपो म्हणतो, आणि ती वाढलेल्या शुगरपेक्षा लगेचची धोकादायक असते. वाढलेली शुगर वर्षानुवर्षं हळूहळू त्रास देते. उतरलेली शुगर पाऊण तासात माणूस बेशुद्ध करू शकते. मी साखर मागितली. मालकीण स्वतः धावत आली, दालचिनी-लवंग घातलेल्या कोऱ्या चहात तीन चमचे साखर ढवळून. बहुतेक तिच्या घरातही कुणाला शुगर असावी, कारण तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तो चहा त्यांनी घोट-घोट संपवला. पंधरा मिनिटांनी ९२. रंग परत आला आणि पहिला प्रश्न आला, "जेवण कधी येणार?"

ताट आलं तेव्हा मालकिणीनं इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो गुंडाळला आणि थेट व्याह्यांच्या तोंडासमोर धरला. याला ते गुर्शा म्हणतात. आपल्याकडे जवळच्या माणसाला घास भरवतात, तसंच. घास परत करणं हा अपमान. बहात्तर वर्षांचा निवृत्त शिक्षक अनोळखी बाईच्या हातून घास खाताना असा लाजला की विहीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

यातून तुमच्यासाठी काही गोष्टी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या आणि जेवणाआधीचं इन्सुलिन, बाहेर जेवायला जाताना घरातून घेऊन निघायचं नाही. बरोबर न्यायचं आणि ताट समोर आलं की घ्यायचं. लग्नाच्या पंगतीलाही हाच नियम, कारण मुहूर्ताची वेळ आणि जेवणाची वेळ यांचा संबंध नसतो. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका सहसा नसतो. हायपो झाली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात किंवा चहात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, कमीच असेल तर पुन्हा साखर. आणि त्यानंतर व्यवस्थित जेवण, कारण या गोळ्यांचा परिणाम बरेच तास राहतो आणि शुगर दुसऱ्यांदा उतरू शकते. आम्ही त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे अशी दोनदा तपासली. माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल. आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, तर साध्या साखरेनं शुगर लवकर वर येत नाही, कारण ती गोळी साखर फोडायचं कामच अडवते. अशांनी मेडिकलमधली ग्लुकोजची पावडर खिशात ठेवावी.

आता इंजेराकडे वळू, कारण 'डॉक्टरांनी सांगितलं म्हणून' कुणी चार-पाच खाऊन येईल.

इंजेरा टेफ नावाच्या धान्याची. दाणा खसखशीएवढा बारीक, त्यामुळे कोंडा काढायला वावच नसतो, सगळं अखंड दळलं जातं. पीठ पाण्यात कालवून, आधीच्या घाण्याचं आंबलेलं पाणी विरजणासारखं घालून दोन-तीन दिवस आंबवतात. मग मोठ्या गोल तव्यावर, आपण घावन घालतो तसं, बाहेरून आत गोल ओततात, झाकण ठेवतात आणि एकाच बाजूनं भाजतात. वर जी छिद्रं पडतात त्यांना ते डोळे म्हणतात. डोळे भरपूर असतील तर सुगरण चांगली. आंबोळीची जाळी बघून आपल्या सासवा जे बोलतात, तेच.

आंबवण्याचे दोन फायदे आहेत. एक, आंबटपणामुळे पोट जरा सावकाश रिकामं होतं आणि शुगर एकदम उसळत नाही. दोन, धान्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोह आणि झिंक धरून ठेवतो. आंबवल्यावर तो बराच मोडतो आणि लोह अंगी लागायला मोकळं होतं. टेफमध्ये लोह खूप, असं इंटरनेटवर वाचाल. तक्त्यात आकडा मोठा दिसतो खरा, पण त्यातलं काही लोह मळणी जमिनीवर होते म्हणून चिकटलेल्या मातीचं असतं, आणि ते शरीराला फारसं मिळत नाही. तेव्हा हिमोग्लोबिन ८ असताना टेफवर विसंबून गोळी बंद करू नका. बी-१२ च्या बाबतीतही तसंच. आंबवलेल्या इंजेरातून किंवा इडलीतून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. शाकाहारी आहात आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेताय, तर बी-१२ तपासून घ्याच. पायाला मुंग्या येतात त्या प्रत्येक वेळी शुगरच्याच नसतात.

टेफनं शुगर किती वाढते, याचे आकडे वेगवेगळ्या प्रयोगांत वेगवेगळे आले आहेत. मला त्यात रस नाही, कारण खरा प्रश्न आकाराचा आहे. एक इंजेरा हातभर रुंद असते. परातीत एक अंथरलेली आणि वर गुंडाळ्या करून दोन-तीन दिलेल्या. बोलता बोलता किती पोटात गेली, कळत नाही, शिवाय तळाची, सगळे रस पिऊन मऊ झालेली इंजेरा सर्वांत चविष्ट लागते. शुगरवाल्यांनी गुंडाळीतली एक घ्यावी, तळाच्या भागातला चार बोटं तुकडा चाखावा आणि डाळ-भाजी मागून घ्यावी. ज्यांना सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही, त्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. टेफमध्ये ग्लुटेन नाही, पण अमेरिकेत टेफ महाग पडतं म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात गव्हाचं किंवा बार्लीचं पीठ मिसळतात. बीपीवाल्यांनी मीठ लक्षात ठेवावं. मांसाहारी ताटात किटफो नावाचा प्रकार असतो, मसाल्याच्या लोण्यातला कच्चा खिमा. शिजवून मागितला तर शिजवून देतात. कच्च्या गोमांसातून पोटात टेपवर्म होतो. गरोदर बाईनं तर तिकडे बघूही नये.

जेवणानंतर कॉफी. ती त्यांच्याकडे सोहळ्यानं होते. हिरव्या बिया समोर भाजतात, धूर तुमच्याकडे वळवतात, मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळतात आणि तीन वेळा ओततात. सोबत लाह्या. एरिट्रियावर इटलीचं राज्य होतं, त्यामुळे मालकीण कापुचिनोही सुरेख करते. पण लोह कमी असेल तर जेवणानंतर तासभर कॉफी नको. चहाही नको. मसूर आणि पालेभाजीतून मिळालेलं लोह त्यातली टॅनिनं अडवतात. आपल्याकडे जेवणावर चहा पिणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वर का येत नाही, त्याचं एक कारण हेही असतं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेला जाणाऱ्यांचं ठीक, आम्ही उलव्यातच आहोत, आम्हाला टेफ कुठून मिळणार? मिळवायची गरजच नाही. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, इथिओपिया-युगांडाच्या बाजूची. हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली आणि कोकणातल्या वरकस जमिनीत रुजली. इथिओपियात तिला दागुसा म्हणतात आणि तिची इंजेराही करतात. कारळेही तिकडचेच. कारळ्याच्या शास्त्रीय नावात इथिओपियाचं जुनं नाव, अ‍ॅबिसिनिया, आजही आहे. ते त्याचं तेल काढतात, आपण चटणी करतो. ज्वारी, चवळी, चिंच ही आफ्रिकेतूनच आलेली.

उलव्याच्या आसपासच्या जुन्या गावांत भाकरी तांदळाची. खाऱ्या जमिनीत भात, बाजूला मिठागरं आणि खाडीची मासळी. नाचणी डोंगराकडची, कर्जत-पेणच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरची, म्हणून ती 'गरिबाची'. माझ्याकडे एक आजी येतात, विमानतळासाठी जी दहा गावं हलली त्यांतल्या एका गावच्या. पूर्वी चिखलात लावणी, खाडीत जाळं, डोक्यावर टोपली घेऊन बाजार. तेव्हा तीन वेळा तांदळाची भाकरी पचत होती. आता चार मजली घर, खाली भाडेकरू, जेवण तेच आणि काम टीव्हीसमोर भाजी निवडणं. पहिल्यांदा आल्या तेव्हा तीन महिन्यांची सरासरी, एचबीएवनसी, १०.४. त्यांच्या घरात पाच मोठी माणसं, त्यातल्या तिघांना शुगर. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं देशात १० कोटींहून जास्त मधुमेही सांगितले, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. मला त्या घरचं जेवणाचं ताट आठवलं.

आजींना मी नाचणी सुचवली तेव्हा त्या म्हणाल्या, "घेतेय की, डॉक्टर. रोज सकाळी सत्त्व पिते, गूळ घालून." इथेच बहुतेक जण फसतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात १० मिलिग्रॅमही धड नाही. फायबर तांदळाच्या कितीतरी पट. पण १०० ग्रॅम नाचणीत पासष्टएक ग्रॅम कर्बोदकं आहेतच. ती शुगर-फ्री नाही. सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळतात. चोथ्याबरोबर फायबर जातं, उरतं ते स्टार्चचं दूध. बाळाला, आजारी माणसाला ते उत्तम. शुगरवाल्यानं गूळ घालून प्यायलं तर ती साखरेची पेजच झाली. नाचणीच्या बिस्किटांच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय तेही वाचा. पहिलं नाव बहुधा मैद्याचं असतं. २०२३ च्या भरडधान्य वर्षानंतर असे पुडे फार वाढले.

नाचणी खायची तर अख्ख्या पिठाची भाकरी किंवा आंबवून. माझी बायको सिल्व्हर स्प्रिंगहून आल्यापासून अशी करते. अर्धी वाटी उडीद डाळ आणि चमचाभर मेथी पाच-सहा तास भिजवून वाटायची, त्यात दोन वाट्या नाचणीचं पीठ कालवायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. इथल्या दमट हवेत सकाळपर्यंत फुगून येतं, उन्हाळ्यात तर भांडं मोठं घ्या. मीठ घालून बिडाच्या तव्यावर जाडसर ओतायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वर डोळे पडतात. दोन आंबोळ्या, एका ताटात पसरून, त्यावर मसुरीची उसळ, थोडं पिठलं, माठाची किंवा चवळीच्या पाल्याची भाजी, कोशिंबीर. आमच्याकडे आता रविवारी मोठं ताट मध्ये ठेवून सगळे त्यातच जेवतात. माझी आई पहिल्यांदा 'उष्टं-खरकटं' म्हणून बाजूला बसली होती. हात धुऊन, आपल्या समोरचंच उचलायचं, एवढं पाळलं की झालं. पण घरात कुणाला जुलाब किंवा कावीळ झाली असेल तेव्हा ताटं वेगळी.

आजींनी सत्त्व सोडलं. दुपारची भाकरी नाचणीची झाली, रात्रीची तांदळाचीच राहिली, कारण "सुकटीबरोबर नाचणी लागत नाय." मी हट्ट धरला नाही. गोळ्या वाढवल्या, रोज संध्याकाळी अर्धा तास चालणं सुरू झालं. सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.९. नुसत्या नाचणीनं हे झालं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या सुनेला, जी चाळिशीचीही नाही, आता त्या स्वतः तपासणीला घेऊन आल्या आहेत.

ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांनी डाळी-पालेभाज्यांचं प्रमाण स्वतः वाढवू नये, आधी रिपोर्ट दाखवावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी असिट्रॉम किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात खावी, एकदम वाढवली तर औषधाचा मेळ बिघडतो. बाकीच्यांनी या रविवारी करून बघायला हरकत नाही. वरून कारळ्याची चटणी हवीच. कारळे किराणा दुकानात मिळतात, भाजण्यापूर्वी नीट निवडून घ्या, खडे फार असतात.